न पसरणारा उजेड

मगदुमांच्या लॅबमधले गॉगल खुंटीवरून खाली येत नसत. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला फळी, फळीवर हिरवट जाड काचांचे गॉगल ओळीनं टांगलेले, आणि वर लाल अक्षरांत पाटी: लेसर चालू असताना गॉगल घालणे सक्तीचे आहे. पाटीत चूक काढायला जागा नव्हती. अडचण एवढीच होती, की तिथं लेसर कधी चालू झालाच नव्हता.

जागा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली. पुढं पार्श्वनाथ मगदुमांची फौंड्री, आणि तिच्या मागं पत्र्याच्या शेडला आतून पांढरं अस्तर लावून केलेली ही लॅब. पार्श्वनाथअण्णांचं उभं आयुष्य वितळलेलं लोखंड साच्यात ओतण्यात गेलं. त्यांचा मुलगा वृषभ जपानात डॉक्टरेट करून आला आणि म्हणाला, मी लेसर करणार. "मगदुमाच्या पोरानं लोखंड सोडून उजेड विकायचं काढलंय," असं कागलात लोक चहाच्या टपरीवर म्हणायचे. अण्णा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. पोरगं शिकलेलं, त्याला काहीतरी कळत असेल, या भरवशावर त्यांनी शेड बांधून दिली होती.

वृषभला हवा होता तो लेसर साधासुधा नव्हता. नेहमीचा छोटा लेसर चिपच्या कडेतून उजेड फेकतो आणि तो उजेड बाहेर पडल्या पडल्या पसरतो. त्याला आवरायला पुढं भिंगं लावावी लागतात. याचा उजेड चिपच्या अख्ख्या तोंडातून सरळ समोर निघायला हवा होता. त्यासाठी चिपच्या पोटात भोकांची जाळी खोदायची. भोकं इतकी बारीक, की साध्या डोळ्याला जन्मात दिसायची नाहीत. जाळी नेमकी जमली की आतला सगळा उजेड एका तालात येतो, एकाच दिशेनं निघतो आणि भिंगाशिवाय, न पसरता, लांबवर जातो. फोटॉनिक क्रिस्टल लेसर म्हणतात याला. आपोआप चालणाऱ्या गाडीला पुढचा रस्ता दाखवायचा, लोखंडाचा पत्रा कापायचा, सगळं नखाहून लहान तुकड्यातून होईल, असं वृषभ सांगायचा आणि सांगताना त्याला जेवणाचं भान राहायचं नाही. जाळी बेंगळुरूहून खोदून यायची. बाकीचं काम कागलात.

पण जाळी जमत नव्हती. बॅचमागून बॅच आली आणि वाया गेली. चिप उजेड द्यायची, नाही असं नाही, पण दिव्यासारखा, चारी बाजूंना सांडणारा. तोही डोळ्यांना न दिसणारा, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो त्या जातीचा. मीटरवरचा आकडा हलला की उजेड आहे असं समजायचं. होता होता लॅबमध्ये चिपला 'दिवा' म्हणायची रीतच पडली.

सुरुवातीला लॅबमधली अक्षता शिंगे एकटी नेमानं गॉगल घालायची. वृषभ हसायचा.

"अगं, दिव्याला कोण गॉगल लावतंय व्हय? लेसर होऊ दे, मग घालू की."

त्या काचेतून काम नीट दिसायचंही नाही. मग तिनंही सोडून दिलं. ही माणसं निष्काळजी होती असं कुणी म्हणू नये. धुळीचा कण आत येऊ नये म्हणून चपला बाहेर काढून आतल्या वेगळ्या घालायच्या, केसांवर टोपी, बोलताना तोंडावर मास्क. हे सगळं डोळ्यांत तेल घालून पाळायचे. फक्त अपयशाची सवय झाली होती. 'लेसर होऊ दे, मग' हे त्या खोलीत इतक्या वेळा बोललं गेलं, की लेसर झाला हे पहिल्यांदा कळणार कुणाला आणि कसं, हे विचारायचं सगळ्यांचं राहून गेलं.

अक्षता कागलजवळच्याच गावातली. तिचे वडील धोंडीराम एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आई शालन. वस्तीत एमएस्सी झालेली ही पहिलीच, तीही फिजिक्समध्ये. लॅबमध्ये तिची कामं दोन. एक म्हणजे चिपला केसाहून बारीक सोन्याची तार जोडणं. मायक्रोस्कोपखाली दोन्ही डोळे लावायचे, श्वास रोखायचा, आणि तार चिपच्या कडेला टेकवायची. या कामाला दोन्ही डोळे लागतात, एकानं खोली कळत नाही आणि सुई चिपमध्ये घुसते. अक्षताची तार कधी तुटत नसे. दुसरं काम वृषभनं तिला दिलं नव्हतं, तिनं स्वतः मागून घेतलं होतं, ते जाळीचं गणित. एका भोकाऐवजी दोन भोकं शेजारीशेजारी घ्यायची, हे जगात इतरांनी केलेलं होतं. पण आपल्या चिपला त्या दोन भोकांमध्ये अंतर किती हवं, ते तिनं पावसाळा सुरू व्हायच्या आधीपासून बसून काढलं. नवी बॅच त्या अंतरावर खोदून आली.

"ही बॅच तुझी," वृषभ म्हणाला होता. "लागली तर तुझ्या नावानं लागंल."

अक्षता त्या दिवशी घरी आईला म्हणाली, "आई, ह्या वेळेला लागतंय बघ."

"लागू दे बाई. मग तरी येळेवर जेवायला येशील," शालन म्हणाली.

दिवस भाद्रपदाचे होते. मगदूम जैन. चातुर्मासात त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं. जपानात वृषभनं बरेच नियम गुंडाळून ठेवले होते, पण हा एक त्यानं आईसाठी पुन्हा धरला होता. त्याची आई सीताबाई ताट वाढून दारात बसायची आणि त्याची गाडी दिसेपर्यंत हलायची नाही. त्यामुळं रोज संध्याकाळी वृषभ पॉवर सप्लाय बंद करायचा, गाडी काढायचा आणि कागलातल्या घरी जेवून परत यायचा. अंगणात गाडी नाही म्हणजे मशीन बंद, हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. हा नियम कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्या पाटीपेक्षा त्याच्यावर विश्वास जास्त.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. नवी बॅच लावायची म्हणून प्राची, त्यांची तिसरी सहकारी, जोतिबाहून गुलाल घेऊन आली होती. आत धुळीला बंदी, म्हणून तिनं दाराबाहेरच्या चौकटीला गुलालाचं बोट लावलं आणि ती कंपनीच्या बसनं घरी गेली. अक्षता पुढं फौंड्रीच्या ऑफिसात आलेलं पार्सल आणायला गेली. वृषभ एकटा राहिला. त्यानं चिपला हळूहळू करंट वाढवत नेणारा प्रोग्रॅम लावला होता. लांबचं माप घ्यायचं म्हणून झाकण काढलेलं, चिपचं तोंड दाराकडं. एक काच तिरकी ठेवून थोडा उजेड मीटरकडं वळवला होता, बाकीचा सरळ दाराकडं जात होता. दाराशी बसवायचा कॅमेरा अजून यायचा होता.

सीताबाईंचा फोन आला. "दिवस मावळत आला की रे. ताट वाढून बसलोय मी."

वृषभनं पडद्याकडं बघितलं. रेघ नेहमीसारखीच, दिव्याची. प्रोग्रॅम मध्येच थांबवला तर चिप थंड करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. येईपर्यंत होईल पुरा, असं म्हणून त्यानं तो चालू ठेवला आणि गाडी काढली. हे सगळं त्यानं अक्षताला नंतर सांगितलं, एकदा नाही, अनेकदा. प्रत्येक वेळी सांगताना तो 'दिवाच वाटला गं' इथं येऊन थांबायचा.

अक्षता पार्सल घेऊन आली तेव्हा अंगणात गाडी नव्हती. तिनं बाहेर चपला काढल्या, आत येऊन दाराशी असलेल्या बुटक्या बाकावर बसली, आणि रॅकच्या खालच्या कप्प्यातून आतल्या चपला ओढल्या. बसलं की डोळे बरोबर टेबलाच्या उंचीला येतात, हे रोजचंच होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. वृषभसरांनी चिप डबीत ठेवली का तशीच सोडली, म्हणून तिनं मान वर करून टेबलाकडं बघितलं.

आवाज नाही. चटका नाही. उजेडसुद्धा नाही. चपलेचा पट्टा लावून ती उठली, दोन पावलं बाजूला सरकली, आणि मीटरवर आकडा किती आहे म्हणून बघायला गेली तर आकडा जागेवर नव्हता. मीटरची चौकट दिसत होती, बटणं दिसत होती, मधे नुसता करडा डाग. तिनं डोळे चोळले. डावा डोळा झाकला तेव्हा डाग राहिला. उजवा झाकला तेव्हा आकडा दिसला. आकडा आजवर त्या मीटरवर कधी आलेला नव्हता एवढा मोठा होता.

ती तशीच खाली बसली, जमिनीला लागून टेबलाखालनं रांगत गेली आणि हात वर करून सप्लाय बंद केला. मग टेबलाच्या पायाला टेकून बसून राहिली.

दिव्याला हे जमलं नसतं. दिव्याचा उजेड दारापर्यंत येईतो सगळ्या खोलीभर सांडून गेला असता, डोळ्यात थेंबभरही आला नसता. दारापर्यंत जो एकवटून आला तो लेसर होता. तिनं काढलेलं अंतर बरोबर होतं. अक्षताला पहिल्यांदा आनंद झाला, आणि ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. छाती भरून आली तिची. त्याच्यानंतर तिनं पुन्हा एकदा डावा डोळा झाकून बघितलं. डाग तिथंच होता.

तिनं वृषभला फोन लावला. मागं ताटात वाटी ठेवल्याचा आवाज आला.

"सर, मशीन चालू ठेवून गेलाय."

"व्हय, दिवाच... का गं?"

"सर, लेसर झालाय."

"कशावरनं म्हणतीस?"

"उजव्या डोळ्यानं मीटर दिसंना झालाय."

पलीकडं पाट सरकला. मग सीताबाईंचा आवाज आला, "अरं, अर्ध्या ताटावरनं कुठं निघालास?"

वृषभ आला तो अण्णांना बरोबर घेऊनच. गाडी हायवेनं कोल्हापूरच्या दिशेला लागली. पावसानं पडलेले खड्डे चुकवत अण्णाच चालवत होते. अक्षता मागं बसून समोरून येणाऱ्या पाट्या वाचायचा प्रयत्न करत होती. डावा डोळा झाकला की प्रत्येक पाटीचं मधलं अक्षर जात होतं. ती पुन्हा पुन्हा झाकून बघत होती, जणू एखाद्या वेळी येईल.

"पोरी," अण्णा आरशात बघत म्हणाले, "डॉक्टरला वेल्डिंगकडं बघितलं म्हणून सांग. आमच्या फौंड्रीत हे रोजचंच हाय, कोण काय विचारत न्हाय. लेसर म्हटलं की चौकशी लागती, शेडला कुलूप पडतंय. लेसर बघायला पुण्याची पार्टी यायचीच हाय. तुझा डोळा बरा करायचं माझ्याकडं लागलं. कुठं न्यावं लागंल तिथं नेतो."

त्यांच्या बोलण्यात दमदाटी नव्हती. असती तर बरं झालं असतं, निदान चिडता आलं असतं.

"आण्णा, नको तसलं काय," वृषभ म्हणाला. पण एकदाच म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

अक्षतानं विचार केला. शेडला कुलूप लागलं तर लेसरलाही लागणार. आज लागलेला, तिच्या अंतरावर लागलेला. महिनोन्‌महिने तो बंद खोलीत पडून राहील, तोवर दुसरं कुणीतरी पुढं जाईल. तिचा हात कुणी पिरगाळला नाही. "सांगते," ती आपणहून म्हणाली.

वृषभनं मागं वळून बघितलं. "पार्टी येऊन जाऊ दे अक्षता. त्यांच्यासमोरच सांगतो मी, काय झालं ते. सगळ्यांसमोर. शब्द हाय माझा."

डोळ्यांच्या डॉक्टर अनुजा म्हणून होत्या. त्यांनी औषध घालून डोळ्याची बाहुली मोठी केली, यंत्रासमोर हनुवटी ठेवायला लावली आणि डोळ्याच्या आतला फोटो काढला.

"कशाकडे पाहिलंस?"

"वेल्डिंगकडं."

"गॉगल न लावता?"

"व्हय."

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडं वळवला. डोळ्याच्या आतले थर एकावर एक दिसत होते, आणि अगदी मधोमध, ते जिथं सगळ्यात नाजूक असतात तिथं, एक भोक.

"वेल्डिंगनं असं होताना मी पाहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो, ते सगळं या टिचभर जागेनं. तीच गेलीये. गोळ्या देते. सूज उतरली तर थोडंफार सुधारेल. पण खोटी आशा लावत नाही."

वृषभ पडद्यावर वाकला होता. "गोल हाय," तो पुटपुटला. मग डॉक्टरांना म्हणाला, "ह्याचा व्यास किती असेल, डॉक्टर?"

डॉक्टरांनी मोजून सांगितला. त्यांना वाटलं, काळजीनं विचारतोय.

"आणि आजूबाजूला दुसरा डाग? लहानसा, फिकट?"

"नाही. एकच आहे."

वृषभच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं ते डॉक्टरांना दिसलं नाही. अक्षताला तिच्या चांगल्या डोळ्यानं स्वच्छ दिसलं. तो आनंद होता. जाळी बिघडलेली असली की उजेड दोन-तीन फांद्या फुटून निघतो, डाग विखुरतात. हा एकच होता, आणि गोल. लगेच त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तोंडावरून हात फिरवला, डोळे भरून आले त्याचे, ते खोटं नव्हतं. अक्षताला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण पडदा वळला तेव्हा भोक गोल आहे का हेच तिनंही पहिल्यांदा बघितलं होतं. स्वतःच्या त्या बघण्याचीच तिला जास्त भीती वाटली.

सूज उतरली, डाग राहिला.

घरीही तिनं वेल्डिंगच सांगितलं. एकदा एका ठिकाणी सांगितलं की दुसरीकडं वेगळं सांगता येत नाही. शालन रोज तिच्यासमोर तोंड आणून विचारायची, "मी दिसतोय काय गं?" "दिसतीस की," अक्षता म्हणायची. डावा डोळा झाकून बघितलं की आईचे केस दिसायचे, कान दिसायचे, कानातली फुलं दिसायची, आणि मधे चेहरा नसायचा. हे ती बोलली नाही. धोंडीराम वेगळ्याच गोष्टीनं दुखावले होते. पोरीच्या हुशारीवर ते उभ्या गावात मान वर करून चालत आले होते.

"एवढी शिकलीस," ते म्हणाले, "आणि वेल्डिंगकडं बघत बसलीस? फौंड्रीतलं शेंबडं पोरगंबी बघत न्हाय."

फौंड्रीतल्या माणसांनाही तोंडं होती. "वेल्डिंगवाली मॅडम आली," असं कुणीतरी मागनं म्हणायचं आणि दोघंतिघं हसायचे. डोळा गेल्याचं दुःख तिला होतंच, त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण आपण मूर्ख ठरलो, हे तिला गिळवेना. त्या खोलीत त्या दिवशी मूर्खपणा कुणी केलाच असेल तर तो सगळ्यांनी मिळून केला होता, आणि त्यातून जे निघालं ते तिच्या गणितातून निघालं होतं. कुणीतरी एकदा, चार माणसांसमोर, हे खरं सांगावं, एवढंच आता तिला हवं होतं. वृषभनं शब्द दिला होता. ती त्या शब्दावर दिवस काढत होती.

मायक्रोस्कोपवर तिनं बसून बघितलं. पहिली तार तुटली. दुसऱ्या वेळी सुई चिपमध्ये घुसली आणि चिप गेली. तिसऱ्या वेळी वृषभ मागं येऊन उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर प्राची बसली.

"मी नुसतं शिकून घेतो," प्राची खाली मान घालून म्हणाली. "तुला बरं वाटलं की तुझी खुर्ची तुला."

दोघींनाही ठाऊक होतं. अक्षताकडं आता कागदं लावणं, पार्सलं आणणं, पाहुण्यांच्या चहाचं बघणं अशी कामं आली. खुंटीवरचे जुने गॉगल जाऊन नवे आले होते. सगळे जण दारातच ते चढवायचे, अगदी मशीन बंद असलं तरी. असं का, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

पुण्याची पार्टी आली. गाड्यांना पुढचा रस्ता बघायची यंत्रं बनवणारी कंपनी होती. त्यांचे मोठे इंजिनिअर सम्राट भोईटे आणि बरोबर दोन तरुण. भोईटे स्वभावानं मोकळे, नमस्कार करताना प्रत्येकाचं नाव विचारून घेणारे. अण्णा पांढरे कपडे घालून खुर्चीत बसले होते. वृषभनं सगळ्यांना गॉगल दिले, मीटर दाखवला, मग भिंतीवरच्या पडद्यावर एकेक पान लावत गेला. जाळीचं चित्र आलं. "हे अंतर आमच्या अक्षतानं काढलंय," तो म्हणाला, आणि भोईट्यांनी तिच्याकडं बघून मान डोलावली. अक्षताच्या जिवात जीव आला. आता सांगेल, तिला वाटलं.

पुढच्या पानावर एकच आकडा होता, मोठ्या अक्षरात. बीम किती पसरतो, त्याचा कोन.

अक्षता त्या आकड्याकडं बघत राहिली. दाराशी बसवायचा कॅमेरा अजून मुंबईत कस्टममध्येच अडकलेला होता, त्याची कागदं तीच लावत होती. कॅमेऱ्याशिवाय हा कोन आला कुठून? डोळ्याचं भिंग सरळ येणारा उजेड एका ठिपक्यात गोळा करतं, आणि तो ठिपका केवढा पडला यावरून उजेड किती पसरत होता हे काढता येतं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यास तिला पाठ होता. डोळ्याची लांबी पुस्तकात असते. तिनं मनातल्या मनात भागून बघितलं. पडद्यावर होता तोच आकडा आला.

"सुंदर," भोईटे म्हणाले. "कशानं मोजलात?"

वृषभनं अण्णांकडं बघितलं. अण्णा आपल्या हातांकडं बघत होते.

"कॅमेऱ्यानं," वृषभ म्हणाला, आणि पुढचं पान लावायला हात उचलला.

"नाही," अक्षता म्हणाली.

तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. प्राचीच्या हातातला ट्रे खणखणला.

"कॅमेरा अजून आलेलाच न्हाय. हा आकडा माझ्या उजव्या डोळ्याच्या स्कॅनवरनं काढलाय. मशीन चालू राहिलं होतं, मला ठाऊक नव्हतं, बीम डोळ्यात गेला. तो डोळा गेलाय. डॉक्टरला, घरात, सगळ्यांना मी वेल्डिंग सांगितलं. वेल्डिंग नव्हतं. हा लेसर होता."

तिचं बोलून झालं. आता शेडला कुलूप लागेल, आता सरांचं, अण्णांचं, आपलं सगळं संपलं, असं वाटलं, आणि तरीही हलकं वाटलं. वृषभ पडद्याशी तसाच उभा होता. अण्णा मान वर करेनात.

भोईट्यांनी गॉगल कपाळावर सरकवले. "अरेरे," ते म्हणाले, मनापासून म्हणाले. "फार वाईट झालं."

त्यांनी कपाळावरचे गॉगल काढून हातात घेतले. मग भोईट्यांनी चिपकडं बघितलं, चिपपासून दाराकडं बघितलं, आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"किती अंतरावरून?"

अक्षतानं हात केला. "तिथनं. रॅकपाशी. बाकावर बसले होते."

"इतक्या लांबून?"

भोईट्यांबरोबरच्या तरुणानं खिशातून टेप काढली. टेपचं एक टोक धरायला कुणी हवं होतं. वृषभ पुढं आला, चिपपाशी वाकला आणि त्यानं टोक धरलं. तरुण टेप उलगडत दारापर्यंत गेला आणि तिथं अडला.

"मॅडम, उंची कळत नाहीये," तो अदबीनं म्हणाला. "तुम्ही जरा तशा बसता का, त्या दिवशी बसला होता तशा?"

अक्षता जाऊन बाकावर बसली. मान वर केली. तरुणानं टेप तिच्या उजव्या डोळ्याजवळ आणली, लागू नये म्हणून मधे बोट धरलं, आणि आकडा मोठ्यानं सांगितला. वृषभनं टोक सोडून तो फळ्यावर लिहिला आणि खाली कोनाशी गुणाकार मांडला. भोईटे त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. अण्णाही उठून जवळ गेले. इतक्या लांबवर बीम केवढा राहतो ते निघणार होतं, आणि तसं माप कागदावर अजून कुणाकडंच नव्हतं.

अक्षतानं उत्तर त्यांच्याआधी काढलं होतं. चांगलं उत्तर होतं. तिला रडू फुटलं तेव्हा सगळ्यांच्या पाठी तिच्याकडं होत्या, आणि फळ्यावर गुणाकार चालू होता.